कॉलेजच्या उपग्रहाबद्दल लोकांना सांगायचं कसं?

तुमची अडचण मला अशी समजली. इंजिनिअरिंग कॉलेजची टीम आहे, आयनांबरातल्या म्हणजे आयनोस्फिअरमधल्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या भागातल्या) इलेक्ट्रॉनांची मोजणी करणारा छोटा उपग्रह बनवताय. पोस्टर झाले, शाळांमध्ये जाऊन झालं, इन्स्टावर रील झाले. लोक टाळ्या वाजवतात आणि एवढंच विचारतात, "कधी उडणार?" मग प्राध्यापक म्हणतात, संशोधन काही पोचत नाहीये.

पोचणार कसं? तुम्ही टाकलेला पोस्टर पाहिला. मधोमध रॉकेट, कोपऱ्यात तिरंगा, खाली सबसिस्टिमचा ब्लॉक डायग्राम. तो डायग्राम रिव्ह्यू कमिटीसाठी आहे, तिथेच ठेवा. बघणाऱ्याला रॉकेट तेवढं दिसलं, म्हणून त्याने रॉकेटबद्दल विचारलं. त्यात त्याची काही चूक नाही.

मी स्वतः कॉलेजात असताना अशाच एका टीमच्या ग्राउंड स्टेशनवर, म्हणजे उपग्रहाचे सिग्नल ऐकणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रावर होतो आणि नंतर बरीच वर्षं शाळा-कॉलेजांतल्या मुलांबरोबर हेच करत आलोय. त्यावरून माझं ठाम मत झालंय की लोकांना माहिती देत बसण्यापेक्षा कामातला एखादा तुकडा त्यांच्या हातात द्यावा. तुमच्या विषयात तर ते फारच सोपं आहे.

आयआयटी मुंबईच्या 'प्रथम'चं उदाहरण घ्या, कारण त्याचं काम जवळपास तुमच्यासारखंच होतं. विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये सुरुवात केली आणि 26 सप्टेंबर 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी35 रॉकेटवरून तो गेला. वजन साधारण दहा किलो. उपग्रहाकडून रेडिओलहर निघते, आयनांबरातून खाली येताना तिच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे ती ज्या दिशेत थरथरते ती दिशा फिरते, आणि ती किती फिरली यावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले हे काढता येतं. म्हणजे मोजणी जमिनीवर होते! त्यासाठी आडव्या-उभ्या यागी अँटेना (जुन्या टीव्हीसाठी छपरावर असायच्या तशा) लागतात. त्या टीमने दुसऱ्या कॉलेजांना स्वतःची ग्राउंड स्टेशनं उभारायला मदत केली. प्रकल्पाचं सामाजिक उद्दिष्ट म्हणून ते मांडलं होतं, पण जितकी जास्त ठिकाणं तितका इलेक्ट्रॉनांचा नकाशा चांगला, हा विज्ञानाचाही फायदा होताच. ऐकणाऱ्यांवाचून प्रयोगच अपुरा राहावा, अशी रचना तुमच्याकडे आयती आहे. ती सोडून रील काय बनवताय?

आता सुरुवात कुठून करायची? साठीच्या पुढच्या माणसांपासून करा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. गावात कुठल्याही पारावर विचारा, रेडिओ सिलोन कसं लागायचं? आजोबा लोक लगेच सांगतील: 25 मीटर, 41 मीटर बँड, बिनाका गीतमाला, आवाज मधेच जायचा आणि परत यायचा. मग विचारा, कोलंबोचा आवाज सांगोल्यापर्यंत आला कसा, मध्ये तर पृथ्वीची गोलाई आहे? शॉर्टवेव्ह वरच्या आयनांबरातून परत खाली वळते, म्हणून. आणि मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं रात्रीच का लागायची? दिवसा 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा थर त्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर आणखी वर जाऊन परतते. ज्या माणसाने आयुष्यभर कान पिळून स्टेशन लावलंय त्याला हे एका वाक्यात कळतं, आणि तो तुम्हाला अशा गोष्टी सांगतो ज्या तुमच्या पुस्तकात नाहीत. अशा गप्पांत आवाज का जायचा यावर वाद होतो. तो होऊ द्या, मध्ये पडू नका.

तरुणांसाठी जीपीएस. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवर, त्याचा सिग्नल आयनांबरात किंचित रेंगाळतो, आणि दुरुस्ती केली नाही तर जागा काही मीटरांनी, वाईट दिवशी दहा-वीस मीटरांनीही चुकते. विमानांसाठी ही दुरुस्ती पुरवायला इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने 'गगन' उभारलं. "आम्ही मोजतोय ते हेच" असं इथे म्हणा. त्याच्या आधी नको.

आणि अलिबाग विसरू नका. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. 1859 च्या प्रचंड सौर वादळाची तिथली नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर त्या मोजमापांत गडबड होणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला हलवलं. मे 2024 च्या वादळात लडाखमधल्या हानले इथून लाल ध्रुवीय प्रकाश दिसला आणि ते फोटो प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आले. तशाच वादळात आयनांबरही ढवळून निघतं. कोकणातल्या शाळेत ही गोष्ट सांगितली की पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही.

मग प्रत्यक्ष ऐकणं. तुमचा उपग्रह अजून खाली आहे, हरकत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 145.800 मेगाहर्ट्झवर अधूनमधून आवाजातून चित्रं पाठवतं. त्यांच्या तारखा आधी जाहीर होतात. पीव्हीसी पाइप आणि लोखंडी मेजर टेप कापून यागी बनते, एक स्वस्त एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप, झालं. पास, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जातो तेवढा वेळ, जेमतेम दहा मिनिटांचा. अँटेना मुलांच्या हातात द्या, तुम्ही लॅपटॉपवर बसा. उलट केलंत तर सगळा कार्यक्रम वाया. 437 मेगाहर्ट्झच्या आसपासचा उपग्रह असेल तर पासभरात सिग्नल जवळजवळ 20 किलोहर्ट्झ सरकतो, स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर उतरावा तसा, आणि स्क्रीनवर ती रेघ वळताना दिसते. डॉप्लर परिणाम वेगळा शिकवावा लागत नाही. जुन्या मार्गदर्शकांत नोआ या अमेरिकी संस्थेच्या तीन हवामान उपग्रहांची चित्रं घ्यायला सांगितलेलं असतं. ते तिन्ही उपग्रह 2025 मध्ये बंद झाले, त्यावर वेळ घालवू नका. प्रसारण करायचं असेल तर परवाना लागतो, म्हणून जवळच्या हॅम क्लबला, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांना, आधीपासून सोबत घ्या. ही मंडळी उत्साही असतात, फक्त चहा आणि एक्स्टेन्शन बोर्ड तयार ठेवा.

28 फेब्रुवारीच्या सुमारास पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रावर विज्ञान प्रदर्शन भरतं, आसपासच्या तालुक्यांतून प्रचंड गर्दी लोटते. तिथे स्टॉल मिळाला तर नक्की जा. मात्र तिथे दुर्बिणीला त्रास नको म्हणून मोबाइलसुद्धा बंद ठेवायला लावतात, तेव्हा काय चालू करता येईल ते आधी विचारून घ्या. हे बंधन स्वतःच लोकांना समजावून सांगण्यासारखं आहे, आणि तुमच्या विषयाला अगदी लागून.

वर्तमानपत्रांबद्दल. "इस्रोचा उपग्रह कॉलेजच्या मुलांनी बनवला" अशी बातमी येणारच. आमच्या वेळी एका दैनिकाने आमच्या उपग्रहाला थेट हवामानाचा अंदाज वर्तवायला लावलं होतं. उपाय एकच: प्रसिद्धिपत्रक तुम्हीच मराठीत लिहा, दीड पानाच्या आत, आणि त्यात उपग्रह काय करणार नाही याचं एक वाक्य ठेवा. सोबत कोण जातंय तेही लिहा. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक किलोच्या आतबाहेरचा 'स्वयम' 22 जून 2016 रोजी गेला तेव्हा पीएसएलव्ही-सी34 वर एकूण वीस उपग्रह होते आणि मुख्य प्रवासी कार्टोसॅट-2 मालिकेतला होता. हे सांगितल्याने 'स्वयम' लहान होत नाही. आतल्या चुंबकांच्या जोरावर, वीज न खर्चता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात स्वतःला वळवून घ्यायची त्याची युक्ती दोऱ्याला चुंबक टांगून कुठल्याही शाळेत दाखवता येते. असा एक प्रयोग दहा बातम्यांपेक्षा बरा.

उपग्रह वर जाऊन गप्प बसला तर? विद्यार्थ्यांचे बरेच उपग्रह बसतात. त्या दिवशीचं निवेदन आत्ताच लिहून ठेवा: शेवटचा सिग्नल कधी, आम्हाला काय शंका आहे, ग्राउंड स्टेशनं पुढे कशासाठी वापरणार. प्रक्षेपणाच्या रात्री रडवेल्या टीमकडून असलं काही लिहून होत नाही. ज्यांना तुम्ही अँटेना धरायला दिली होती ते तेव्हा फोन करून विचारतील, त्यांना खरं सांगा.

इन्स्टा चालू राहू द्या, ज्युनिअर भरतीला उपयोगी पडतं. पण जबाबदारी सेकंड इयरच्या कुणाकडे द्या आणि त्याला लॅबमध्येही काम द्या. नुसती 'पीआर टीम' वेगळी काढली की दोन महिन्यांत तिला इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉनिक्स यातला फरक सांगता येत नाही.

तुमची डाउनलिंक फ्रिक्वेन्सी (उपग्रह ज्यावर खाली सिग्नल पाठवणार ती) ठरली असेल तर इथे लिहा, मेजर टेपच्या यागीची मापं काढून देतो.