कुठल्या पानावर अडलंय?

"मला आता सुचतच नाही. पूर्वी हात थांबायचा नाही. आता कागद पुढे ओढला की पोटात गोळा येतो. प्रेरणाच संपली असेल, तर हे काम सोडून द्यावं का?"

चित्रांवर पोट असलेल्या माणसांकडून हा प्रश्न कधी ना कधी येतोच. इथे ज्या चित्रकर्तीबद्दल लिहिलं आहे तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय तिशीच्या आसपास, राहणं सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी. वडिलांची सगळी हयात चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे ग्राफ काढण्यात गेलेली. ही मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. परगावच्या एका प्रकाशनाचं २४ पानांचं चित्रपुस्तक हातात होतं. मुदतीला पाच आठवडे उरले होते आणि तेवीस दिवसांत एकही नवं पान झालं नव्हतं.

'सुचत नाही' या तक्रारीमागे कधीकधी नैराश्य दडलेलं असतं, म्हणून आधी ती चौकशी उरकावी लागते. दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, जगण्याचाच कंटाळा, असं काही असेल तर चित्रांचं नंतर बघू, आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. हिला झोप उशिरा लागत होती, पण जेवणखाण नीट होतं, मैत्रिणींकडे जाणं-येणं होतं आणि रोज संध्याकाळी भाच्याच्या वहीत ती एक हत्ती काढून देत होती. त्या हत्तीनं बरंच सांगितलं. हात चालू होता, अडलं होतं ते दुसरीकडेच.

"कुठल्या पानावर अडलंय?" असं विचारलं, तर म्हणाली, "सगळंच."

"शेवटचं पूर्ण झालेलं पान कोणतं?"

"बारा-तेरा."

"म्हणजे चौदा-पंधरा दाखवा."

गोष्ट अशी होती: एक मुलगा आजोबांबरोबर बाजारात येतो, सोबतची शेळी हरवते. चौदा-पंधराच्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, मजकूर होता, 'त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेळी कुठेच नव्हती.' तिनं बरोबर मधोमध मुलाचा मोठा चेहरा काढला होता. डोळे विस्फारलेले, मागे बाजार. प्रकाशनाकडून त्यावर मेल आला होता: 'छान आहे, पण अजून मजा यायला हवी. थोडं जिवंत करा.' तारीख पाहिली. काम बंद पडलं ते त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून.

या एका मेलनं बरंच नुकसान केलं. 'जिवंत करा' या सूचनेवर हात चालवायचा कसा? रंग वाढवायचा, माणसं वाढवायची, की मुलाला पळवायचं? अशी सूचना आली की चित्रकार ती चित्रावर घेत नाही, स्वतःवर घेतो. 'माझ्यात जीव राहिला नाही' इथपर्यंत तो दोन रात्रींत पोचतो.

शिवाय चित्रात एक साधी तांत्रिक चूकही होती. पिना मारलेल्या २४ पानी पुस्तकात फक्त १२-१३ हे जोडपान सलग एका कागदावर येतं. बाकीच्या जोडपानांची डावी-उजवी बाजू कागदाच्या वेगवेगळ्या भागांवर छापून समोरासमोर येते, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. झाडाच्या फांदीत तो कळत नाही. चेहरा घडीवर असेल तर नाक तिरकं होतं. तिला हे माहीत होतं, पण घाईत विसरली होती, आणि काहीतरी चुकतंय एवढंच मनात खुपत राहिलं होतं.

सात दिवस तिला एक वही ठेवायला सांगितली. दर अर्ध्या तासानं एक ओळ, टेबलावर खरोखर काय केलं त्याची. आठवड्याचे एकूण ३१ तास भरले. त्यांपैकी १३ तास 'रेफरन्स बघते' म्हणून फोनवर दुसऱ्यांची चित्रं पाहण्यात गेले. ९ तास त्याच मुलाचे डोळे पुसून पुन्हा काढण्यात. ५ तास तो मेल उघडून वाचण्यात आणि न पाठवलेली उत्तरं लिहिण्यात. नवी रेघ फक्त ४ तास. वही मिटून ती म्हणाली, "मग सुचायला मी वेळ दिलाच कुठे?"

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून जरा थांबायला हवं. चित्रकाराच्या टेबलावर तीन निरनिराळी कामं होतात: काय काढायचं ते शोधणं, ते नीट काढणं आणि जमलंय का ते तपासणं. तिन्ही एकाच बैठकीत करायला गेलं की तपासणारा जिंकतो, कारण शोधणाऱ्याचा माल नेहमी ओबडधोबड असतो. म्हणून वेळा वेगळ्या करायच्या.

तिचं पुस्तक चौरस, २० बाय २० सेंटिमीटरचं. म्हणजे जोडपान ४० बाय २०. त्याच्या पावपट, १० बाय ५ सेंटिमीटरचे बारा चौकोन आदल्या रात्रीच आखून ठेवायचे. सकाळी फोन दुसऱ्या खोलीत, हातात बॉलपेन, खोडरबर नाही. चाळीस मिनिटांत बाराही चौकोन भरायचे. चेहरे काढायचे नाहीत, माणूस म्हणजे एक उभा ठिपका. निवड त्या दिवशी करायचीच नाही, ती दुसऱ्या दिवशी. पहिले तीन-चार चौकोन हमखास जुन्याच चित्राची नक्कल निघतात, मधले काही निव्वळ वेडगळ. बहुतेक लोक सहाव्यावर सोडतात, आणि तिथेच फसतात.

पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी 'फक्त शेळीचे पाय बघायला' फोन उघडला आणि सकाळ गेली. मग नियमात भर पडली: रेफरन्स चौकोन भरल्यानंतर, आणि काय बघायचं ते आधी कागदावर लिहून. 'शेळी बसताना पुढचे पाय कसे दुमडते' असं लिहिलं की पाच मिनिटांत काम होतं. 'शेळी' एवढंच शोधलं की दोन तास.

दरम्यान प्रकाशनाला मेल गेला. तिच्या पहिल्या मसुद्यात माफी चार वेळा होती, ती काढली. राहिले तीन प्रश्न. या पानावर ऐकणाऱ्या मुलाला काय वाटायला हवं: भीती, गंमत, की उत्सुकता? आत्ताच्या रफमधलं, म्हणजे कच्च्या चित्रातलं, काय ठेवू आणि काय काढू? मजकूर कुठल्या बाजूला, किती ओळी, अक्षर किती पॉइंटचं? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण देवनागरीला वरच्या वेलांटीला आणि खालच्या उकाराला ओळींमध्ये जागा सोडावी लागते. त्यामुळे तीन ओळींचा मजकूरही अंदाजापेक्षा जास्त उंची खातो आणि मग ऐनवेळी कुणाच्या तरी डोक्यावर छापला जातो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'गंमत. चार वर्षांचं मूल घाबरायला नको. बाजार आवडला, तो ठेवा. मजकूर डावीकडे वर, तीन ओळी.' म्हणजे 'मजा यायला हवी'चा अर्थ एवढाच होता की चेहरा फार भेदरलेला आहे. ज्या डोळ्यांवर तिनं नऊ तास घालवले, ते डोळेच नको होते.

तिसऱ्या सकाळच्या नवव्या चौकोनात तिला वाट सापडली. मुलगा डाव्या पानावर, पाठमोरा, डावीकडे बघतोय. उजव्या पानाच्या कडेला चादरींचं दुकान, आणि टांगलेल्या चादरीचं टोक चघळणारी शेळी, अर्धी पानाबाहेर गेलेली. मजकूर म्हणतो शेळी कुठेच नाही, चित्र म्हणतं ती बघ. ऐकणारं पोर ओरडणार, 'अरे, मागे बघ!' आणि पान उलटायला हात पुढे येणार. शब्द जे सांगतात तेच चित्रानं पुन्हा सांगायचं नसतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चेहऱ्यात अडकल्यामुळे तिथवर पोचायला जागाच नव्हती.

बाजार मात्र अजून फोनवरच्या कुठल्याशा शहरातला वाटत होता. त्यावर उपाय म्हणजे लक्ष्मी मंडईत खिशात मावेल अशी वही घेऊन आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं. काढायचं काय, तर बसण्याच्या तऱ्हा: एक गुडघा वर घेऊन बसलेली भाजीवाली, तराजू धरलेल्या हाताचं कोपर, ताडपत्रीच्या गाठी. त्या वहीचे फोटो टाकायचे नाहीत असं ठरलं. दाखवायचं म्हटलं की वही सुंदर व्हायला लागते आणि निरीक्षण थांबतं.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गाडी अडली. चौथ्या पानावरचा मुलगा आणि अठराव्या पानावरचा मुलगा वेगळेच दिसायला लागले होते. घाबरून तिनं फोन केला, "परत तेच सुरू झालं." तेच नव्हतं. तिनं पात्राचा तक्ता केलाच नव्हता. पुढून, बाजूनं, पाठीमागून, बसलेला, पळणारा, आणि पाच-सहा भाव, हे एका कागदावर आधी पक्कं करावं लागतं. उंची किती डोक्यांएवढी (तिच्या गोष्टीतल्या मुलाची साडेतीन), कान कुठल्या रेषेत, सदऱ्याला बटणं किती. एक दिवसाचं काम असतं, ते वाचवलं की आठवडा जातो.

यावर वडील जे बोलले ते इथे द्यायलाच हवं. तिच्या सांगण्यावरून ते एका बैठकीला आले होते. मनात होतं तिला एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करायला लावून शाळेत नोकरीला लावायचं, आणि तसं ते म्हणालेही. मग तक्त्याचा विषय निघाला तसे खुर्चीत पुढे सरकले. "ग्राफमध्ये एक चौकोन चुकला ना बाळ, तर मागावर तो जितक्यांदा फिरंल तितक्यांदा चुकतो. चादरभर. म्हणून आम्ही पत्ते पाडायच्या आधी एक रिपीट पुरा तपासायचो, मगच जेकार्डवर." (जेकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणायची मागावरची यंत्रणा, आणि रिपीट म्हणजे नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा.) नोकरीचा विषय त्या दिवशी पुढे गेला नाही. नंतर निघाला, निघणारच.

कारण पैशाची काळजी खरी होती, आणि ती 'प्रेरणे'च्या नावाखाली लपली होती. मानधन ४५,००० रुपये ठरलेलं, सगळं पुस्तक छापून आल्यावर. तास मोजले: छोटे चौकोन आणि डमी (पुस्तकाचा कच्चा नमुना) २०, अकरा जोडपानांचे रफ ४४, फायनल ११०, पहिलं-शेवटचं पान आणि मुखपृष्ठ २०, दुरुस्त्या ३०. एकूण २२४ तास, म्हणजे तासाला जेमतेम २०० रुपये, आणि तेही कधी ते माहीत नाही. अशा हिशोबावर रात्री झोप लागणं कठीणच.

झालेल्या करारात फारसं काही हलवता आलं नाही. मुखपृष्ठावर तिचं नाव जाईल एवढं मात्र मागितल्यावर लगेच मान्य झालं. आधी मागितलंच नव्हतं. पुढच्या कामासाठी तिनं अटी लिहून ठेवल्या: करारावेळी ३० टक्के, रफ मंजूर झाल्यावर ३०, फायनल फायली दिल्यावर ४०. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, त्यापुढे वेगळे पैसे. मंजूर झालेला रफ नंतर बदलायचा असेल तर तेही वेगळं. आणि हक्क कशाचे, किती वर्षांसाठी, कुठे, ते स्पष्ट हवं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १९नुसार, हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. पण 'सर्व हक्क कायमचे' असं लिहून सही केली असेल तर ही सोय कामाला येत नाही. म्हणून सहीपूर्वी वकिलाला दाखवलेलं बरं.

पुस्तक मुदतीनंतर आठ दिवसांनी गेलं. उशीर होणार हे तिनं दहा दिवस आधी कळवलं होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. फायली मात्र एकदा परत आल्या, चार पानांना कडेचं ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापली जाणारी जादा कड, सोडलं नव्हतं. ते तिनं दुपारभरात करून पाठवलं. दुसऱ्या एका प्रकाशनाचा करार आता टेबलावर आहे, आणि 'मानधन प्रकाशनानंतर' या ओळीखाली तिनं पेन्सिलनं रेघ मारली आहे.