वाचक विचारतात: पॉवर वाढवली, आता क्लच कुठला टाकू?

प्रश्न: सर, माझी दोन लिटर टर्बो पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल. इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आधीच बदललेला होता, आता रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) पण केला. कंपनीचा टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) २८० एनएम (न्यूटन-मीटर) होता, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ४०० दाखवला. पण चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तीन हजारच्या आसपास पूर्ण पाय दिला की आरपीएमचा काटा पळतो आणि गाडी आहे तिथेच. मित्र म्हणतात डायरेक्ट स्टेज ३ क्लच टाक, सिरॅमिक बटणवाली प्लेट (पूर्ण गोल लायनिंगऐवजी सिरॅमिकचे तुकडे लावलेली), परत बघायलाच नको. गाडी रोज ऑफिसला नेतो आणि ट्रॅफिक भरपूर आहे, काय करू?

उत्तर: क्लच स्लिप होतोय, म्हणजे प्लेट घसरतेय, यात शंका नाही. वरच्याच गिअरमध्ये का, तर पहिल्या-दुसऱ्यात इंजिन भराभर चढतं, टॉर्कचा काही भाग फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, यालाच क्लच पकडतो) आणि क्रँकला (इंजिनच्या मुख्य शाफ्टला) फिरवण्यातच जातो आणि टर्बोला पूर्ण बूस्ट बनवायला वेळ मिळत नाही. पाचव्यात मात्र सगळा भार निवांतपणे क्लचवर येऊन बसतो.

आता मित्रांचं थोडं बाजूला ठेवा. ‘स्टेज’ नावाचं कुठलंही सर्वमान्य माप नाहीये, एका कंपनीची स्टेज २ दुसरीच्या स्टेज ३ पेक्षा जास्त पकडू शकते, त्यामुळे बॉक्सवर स्टेज किती लिहिलंय ते सोडा आणि किती एनएमला रेट केलाय ते विचारा. हॉर्सपॉवर पण सोडा. क्लचला कळतो फक्त टॉर्क. ३०० हॉर्सपॉवर ७५०० आरपीएमला देणाऱ्या बिनटर्बोच्या इंजिनात त्या क्षणी टॉर्क असतो साधारण २८५ एनएम, आणि तीच ३०० हॉर्सपॉवर ४५०० ला देणाऱ्या टर्बोत ४७५. पॉवर सारखीच, पण पहिल्याला जो क्लच आरामात पुरेल तो दुसऱ्यात पहिल्याच ओव्हरटेकला जळेल.

मग क्लच किती पकडणार हे ठरतं कशावर? चारच गोष्टी: घर्षणाच्या बाजू किती, लायनिंगचा (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराचा) घर्षणांक किती, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणारी) किती जोराने दाबते आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या किती. चौघांचा गुणाकार करायचा, बस. समजा प्लेट बाहेरून २४० मिमी आणि आतून १६० मिमी, म्हणजे सरासरी त्रिज्या १०० मिमी (०.१ मीटर), दाब ७००० न्यूटन, साधी ऑरगॅनिक लायनिंग म्हणून घर्षणांक ०.३ आणि सिंगल प्लेट म्हणून बाजू २. उत्तर येतं ४२० एनएम. आता तीच प्लेट ठेवून दाब पाव पट वाढवला तर ५२५. दाब तोच ठेवून ०.४ ची लायनिंग लावली तर ५६०. कागदावर दोन्ही जवळपास सारखेच, पण चालवायला जमीन-अस्मानाचा फरक, आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाही.

सिरॅमिक बटणवाल्या प्लेटचा घर्षणांक जास्त, उष्णता पण भरपूर सोसते. पण तिला ‘थोडासा सोडणे’ हा प्रकारच माहीत नसतो, एकतर सुटलेली नाहीतर पकडलेली. शिवाय अशा बऱ्याच प्लेट्समध्ये दोन लायनिंगच्या मधली नागमोडी कुशन स्प्रिंग नसते, आणि क्लच मऊ लागतो तो तिच्यामुळेच. ट्रॅफिकमध्ये गाडी दोन-दोन फूट सरकवताना, चढावर, रिव्हर्स पार्किंगला, प्रत्येक वेळी झटके. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग पण ती जास्त खाते. ट्रॅकवर जाणाऱ्याने खुशाल घ्यावी, रोज ऑफिसला जाणाऱ्याने का घ्यावी हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

केव्हलारची (मजबूत कृत्रिम धाग्याची) लायनिंग पण बरेच लोक सुचवतात. टिकते भरपूर आणि सुटते पण मऊ, पण ती सेट व्हायला वेळ घेते आणि एकदा जास्त तापून गुळगुळीत झाली की पूर्वीची पकड सहसा परत येत नाही. हाफ क्लचची सवय असेल तर नको.

तुमच्यासाठी माझं मत: पूर्ण गोल लायनिंगची चांगल्या दर्जाची ऑरगॅनिक प्लेट, हबमध्ये (मधल्या भागात) स्प्रिंगा असलेलीच, आणि सोबत जड, म्हणजे जास्त जोराने दाबणारी, प्रेशर प्लेट. सॉलिड हब रस्त्यावरच्या गाडीला घेऊ नका, इंजिनचे सगळे धक्के थेट गिअरबॉक्सला जातात. रेटिंग तुमच्या टॉर्कपेक्षा २० ते ३० टक्के वर, म्हणजे ४८० ते ५२०. पण आधी ट्यूनरला विचारा की ते ४०० चाकावरचे की क्रँकवरचे. चाकावरचे असतील आणि वाटेत साधारण १५ टक्के जातात असं धरलं तर क्रँकवर ४७० होतात आणि अख्खं गणित वर सरकतं, कारण क्लचचं रेटिंग शक्यतो क्रँकच्या टॉर्कवरच देतात. त्यापेक्षा फार मोठा पण घेऊ नका, क्लच हा गिअरबॉक्सचा फ्यूज समजा, तो कधीच सरकला नाही तर धक्का ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरच्या दातांवर जाणार.

आणि हो, गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्रँकचा मागचा ऑइल सील बघा. जुन्या प्लेटवर ऑइलचे डाग असतील तर स्लिप होण्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं, आणि तो सील न बदलता नवीन क्लच टाकला तर तोही काही दिवसांत तसाच होणार. रिलीज बेअरिंग आणि असेल तर पायलट बेअरिंग नवीनच टाका, फ्लायव्हील घासून सपाट करून घ्या.

प्रश्न: जड प्रेशर प्लेट टाकली, स्लिप थांबलं पण डावा गुडघा गेला हो. ट्विन प्लेट घेऊ का?

उत्तर: वरचंच गणित बघा. ट्विन प्लेटमध्ये एकाऐवजी दोन क्लच प्लेट्स असतात, त्यामुळे घर्षणाच्या बाजू ४ होतात, म्हणजे ७००० न्यूटनच्या त्याच दाबात ४२० चे ८४० एनएम. दाब न वाढवता पकड दुप्पट, म्हणून पेडल हलकं राहू शकतं. प्लेट्सचा व्यास लहान ठेवता येतो त्यामुळे इंजिन चटकन चढतं-उतरतं. तोटे म्हणजे पेडल दाबल्यावर मधली प्लेट खडखडते (गॅरेजवाले याला बिघाड समजतात, तो बिघाड नसतो) आणि चार बाजू सुट्या करायच्या म्हणून पेडलचा प्रवास नीट सेट करावा लागतो, नाहीतर गिअर अडकतात. ५०० एनएमच्या आत असाल तर मला हा खर्च पटत नाही. सध्याच्या जड प्लेटवर एक सवय तरी बदला, सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढा. तुम्ही पेडल दाबून बसता तेव्हा तो सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या) असतो, गुडघ्याचं सोडा, ते झिजलं तर इंजिन उघडावं लागतं.

प्रश्न: ड्युअल मास फ्लायव्हील काढून हलकं सिंगल मास टाकलं, आता न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून खडखड येते. काही तुटलंय का?

उत्तर: बहुतेक काही नाही. ड्युअल मास म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील, त्यात मधल्या स्प्रिंगा इंजिनची थरथर गिळतात, ती सोय तुम्ही काढून टाकली. पेडल दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर गिअरचे दात एकमेकांवर आपटण्याचाच आवाज असण्याची शक्यता जास्त. मात्र इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं तरी पेडल दाबल्यावर आवाज थांबतो, त्यामुळे खडखडीऐवजी घूं असा सलग आवाज असेल तर दाखवून घ्या. हलक्या फ्लायव्हीलमुळे गाडी उचलताना बंदही पडेल, थोडा जास्त रेस द्यायची सवय लावा.

प्रश्न: नवीन क्लच किती दिवस जपायचा?

उत्तर: दिवस मोजू नका. साधारण ८०० किमी, आणि ते पण शहरातले, कारण क्लच सेट होतो दाबण्या-सोडण्याने. हायवेला पाचव्यात टाकून ८०० किमी काढले तर काही उपयोग नाही. तोपर्यंत पूर्ण बूस्ट नाही, लाँच (जोरात रेस देऊन झटक्यात सुटणं) तर अजिबात नाही. सुरुवातीला हलका वास येऊ शकतो.

प्रश्न: क्लच बदलून गाडी आणली आणि रिव्हर्स कर्रर्र करून पडतो, पहिला पण अडकतो. मेकॅनिक म्हणतो सेट होईल.

उत्तर: नाही होणार. क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल पंप करून गिअर नीट पडत असेल तर हायड्रॉलिक लाइनमध्ये बहुतेक हवा आहे, ब्लीड करून (हवा काढून) घ्या. तसं नसेल तर बहुतेक एकतर प्लेट उलटी बसलीये नाहीतर गिअरबॉक्स चढवताना तो इनपुट शाफ्टवर लटकत ठेवला आणि प्लेटचा हब वाकला. दोन्हीला गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो, तोपर्यंत गाडी चालवू नका, सिंक्रो (गिअर नीट पडायला मदत करणाऱ्या रिंगा) जातील.