चंद्राचे खळे आणि मळणीचे खळे

प्रश्न असा आहे: चंद्राभोवती मोठे कडे दिसले की 'खळे पडले, आता पाऊस येणार' असे म्हणतात. हे खळे आणि धान्य मळायचे खळे एकच शब्द की दोन? आणि पाऊस खरेच येतो का?

शब्द एकच. संस्कृतात 'खल' म्हणजे मळणीची जागा, त्यावरून आपले खळे. चोपून-सारवून केलेली गोल जमीन, मधोमध तिवडा, म्हणजे रोवलेला खांब, आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पात, म्हणजे रांग. आता चंद्राला तिवडा समजा आणि कड्याला बैलांची वाट. नीट पाहिलेत तर कड्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा जरा काळपट दिसते, नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखे. गंमत म्हणजे ग्रीकांनाही हेच सुचले. त्यांचा 'हॅलोस' म्हणजे आधी मळणीची जागा, मग सूर्यचंद्राभोवतीचे कडे. इंग्रजीतला 'हेलो' त्यातूनच आला (फोनवरचा नव्हे). खल आणि हॅलोस यांचे नाते मात्र जोडू नका, चित्र तेवढे सारखे आहे. पोथीतला शब्द हवा असेल तर 'परिवेष' आहे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. पण परिवेष 'असतो', खळे 'पडते', सावली आणि धुके पडते तसे. मला पडणारे जास्त आवडते.

आता पाऊस. खळे पाडणारा ढग आपल्याला बहुधा ढग वाटतच नाही. आभाळभर दुधाळ, विरळ पडदा पसरलेला असतो. परिभाषेत याला तंतुस्तरमेघ म्हणतात. उंची साधारण सहा किलोमीटरच्या वर, म्हणून त्यात पाण्याचे थेंब नसून बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात. त्यांतून वळलेला प्रकाश चंद्रापासून सुमारे 22 अंशांवर गोळा होतो. मोजायला सोपे आहे: हात लांब करून वीत ताणा, अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळी साधारण कड्यावर टेकते.

समशीतोष्ण प्रदेशात गरम हवा थंड हवेच्या अंगावर हळूहळू चढत येते, तेव्हा तिचा पहिला निरोप वरच्या थरातले हे ढग आणतात. पाऊस मागून, बऱ्याचदा 12 ते 24 तासांत येतो. म्हणजे म्हण निराधार नाही. पण उष्ण प्रदेशात असा पडदा कुठल्यातरी दूरच्या गर्जन्मेघाच्या माथ्यावरून वाहत आलेला असू शकतो. तो विरला की संपले.

म्हणून खळे दिसल्यापेक्षा ते कसे जाते ते बघावे. पडद्याचे तंतू सुटे होऊन चांदण्या लख्ख दिसू लागल्या, तर बहुधा काही नाही. उलट पडदा दाटत गेला, खळे पुसले आणि दिवसा सूर्य घासलेल्या काचेमागचा दिवा वाटू लागला, तर तो मध्यस्तरमेघ. याची खूण अगदी घरगुती आहे: जमिनीवर सावली पडत नाही. तंतुस्तरमेघात ती पडते. आपण 'मळभ आले' म्हणतो ते बरेचदा हेच, आणि म्हणूनच 'दोन मळभे' असे कोणी म्हणत नाही; ढग मोजता येतात, मळभ नुसते असते. यापुढे थर आणखी खाली उतरून करडा झाला की वर्षास्तरमेघ, मग तासन्‌तास रिपरिप.

एक घोळ मात्र होतो. चंद्राला अगदी चिकटून, जेमतेम काही अंशांचे, रंगीत वलय दिसते. बोलीत त्यालाही खळेच म्हणतात, पण ते पाण्याच्या बारीक थेंबांचे काम, बहुतेकदा मेंढ्यांच्या कळपासारख्या मध्यराशिमेघातले. ओळखायला रंग बघा: त्यात तांबडा बाहेरच्या कडेला असतो, मोठ्या खळ्यात आतल्या. वर सांगितलेला पावसाचा हिशेब या छोट्याला लावू नका.