बेसबॉलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो, मग टीम हिवाळ्यात संघ कसा बांधतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये लिलाव नाही, पर्स नाही, मग सीझन संपल्यावर टीमवाले तीन-चार महिने नक्की करतात काय, ज्याच्याकडे पैसा जास्त तोच जिंकतो का, आणि नव्या माणसाने बघायला सुरुवात कुठून करायची. मी बॉस्टनजवळ राहतो आणि रेड सॉक्सचा पक्का फॅन आहे, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच येतील.

पैशाचं आधी पटकन सांगतो. पगारावर कडक मर्यादा नाही, पण एक टॅक्स आहे, म्हणजे २०२५ साली टीमचा एकूण पगार २४ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेला की वरच्या रकमेवर दंड बसतो आणि दरवर्षी ओलांडत राहिलात की तो वाढत जातो. श्रीमंत टीम हा दंड भरतात. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानी या जपानी स्टारला ७० कोटी डॉलरचा करार दिला (त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर द्यायचे), वर्षभराने न्यूयॉर्कच्या मेट्सनी हुआन सोटो या हिटरला ७६ कोटी ५० लाखांचा. पैशाने फरक पडतोच, खोटं कशाला बोलू. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हिवाळा म्हणजे हीच खरेदी, आणि माझं म्हणणं असं की खरा हिवाळा यादीच्या तळाशी चालतो, जिथे कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं हे ठरतं.

यादी म्हणजे ४० जणांची. मैदानावरच्या टीममध्ये २६ जण असतात, पण करारातली मुख्य यादी ४० ची, आणि ती सगळ्यांना सारखी, श्रीमंत डॉजर्स असो की कमी पैशातली टँपा बे, ४१ वा माणूस कुणालाच मिळत नाही. वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनल संपली की ज्यांची मेजर लीगमधली सहा वर्षांची सर्व्हिस भरलीय आणि करार संपलाय ते मोकळे होतात, म्हणजे जागा रिकाम्या होतात, पण त्याच वेळी सीझनमध्ये जे मोठ्या दुखापतीच्या यादीत होते आणि ४० मध्ये मोजले जात नव्हते ते सगळे परत मोजायला लागतात, कारण हिवाळ्यात ती यादीच नसते. म्हणजे पाच जागा मोकळ्या झाल्या म्हणेपर्यंत चार भरलेल्या. त्यात खाली मायनर लीगमध्ये (टीमच्याच धाकट्या संघांत) जी पोरं चार-पाच वर्षं खेळलीत त्यांना नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ४० मध्ये घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरमध्ये रूल फाइव्ह नावाचा ड्राफ्ट असतो त्यात दुसरी कुठलीही टीम एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकते. अट एवढीच की उचललेल्याला पुढचा अख्खा सीझन मुख्य टीममध्ये ठेवायचं, नाही जमलं तर निम्म्या पैशात मूळ टीमला परत द्यायची तयारी ठेवायची.

आता बघा यात काय होतं. गॅरेट व्हिटलॉक नावाचा पिचर (बॉल टाकणारा) आमच्या कट्टर वैऱ्यांकडे, न्यूयॉर्क यँकीजकडे होता, २०१९ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालेलं, २०२० ला कोविडमुळे मायनर लीग झालीच नाही, म्हणजे ऑपरेशननंतर त्याला मॅचमध्ये कुणी बघितलेलंच नाही. यँकीजनी जागा त्याच्यासाठी खर्च केली नाही. रेड सॉक्सनी त्याला डिसेंबर २०२० मध्ये उचललं आणि २०२१ मध्ये त्याने ७३ इनिंगच्या वर टाकून १.९६ चा इआरए (दर नऊ इनिंगला दिलेले रन, जितका कमी तितका चांगला) ठेवला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेनवे पार्कवर रेड सॉक्सनी यँकीजना एका मॅचच्या नॉकआउटमध्ये घरी पाठवलं. एक लाख डॉलर! तेवढ्यात मोठ्या स्टारचा एक आठवडाही येत नाही.

दुसरं उदाहरण तर बॉस्टनमधलं पोरसुद्धा सांगेल. डिसेंबर २००२, मिनेसोटा ट्विन्सना रूल फाइव्हमध्ये होसे मोर्बान नावाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) घ्यायचा होता, त्याला जागा पाहिजे, आणि लवादात (त्याचं पुढे सांगतो) पगार वाढणार असा एक दुखापतींनी त्रस्त हिटर यादीत होता, त्याला त्यांनी सोडून दिलं. तो डेव्हिड ऑर्टीझ. रेड सॉक्सनी जानेवारीत साडेबारा लाख डॉलरला घेतला, पुढच्याच वर्षी २००४ मध्ये ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज आली, मग २००७, मग २०१३, आणि २०२२ ला माणूस हॉल ऑफ फेममध्ये. मोर्बान ट्विन्सकडे सीझन सुरू होईपर्यंतही टिकला नाही. आणि हे काही ट्विन्स मूर्ख होते म्हणून झालं नाही हं, ती टीम तेव्हा चांगली होती, पण ४० व्या जागेचा निर्णय एवढा कठीण असतो.

लवाद म्हणजे काय तेही सांगतो कारण निम्मे निर्णय त्यावरच फिरतात. पहिली साधारण तीन वर्षं खेळाडू किमान पगारावर (२०२५ ला ७ लाख ६० हजार डॉलर), पुढची तीन वर्षं जमलं नाही तर लवाद, तिथे टीम एक आकडा देते, खेळाडू एक, आणि पॅनेल दोघांपैकी एकच निवडतं, मधला आकडा नाही. म्हणून चांगला तरुण खेळाडू ज्याची अजून दोन-तीन वर्षं टीमकडे बाकी आहेत तो सगळ्यात महाग माल. रेड सॉक्सनी डिसेंबर २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सकडून गॅरेट क्रोशे हा पिचर घेतला तेव्हा त्याची दोनच वर्षं उरलेली, तरी चार तरुण द्यावे लागले, त्यात काइल टील आणि ब्रेडन मॉन्टगोमेरी हे दोघं नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडलेले. मला तेव्हाही तो सौदा पटला होता, कारण टील कॅचर (विकेटकीपरसारखा), मॉन्टगोमेरी आउटफिल्डर (लांबचा फिल्डर), आणि आउटफिल्डला आमच्याकडे रोमन अँथनी वगैरे तरुण आधीच रांगेत होते, म्हणजे जिथे गर्दी होती तिथून दिलं आणि जिथे खड्डा होता तिथे भरलं. क्रोशेने २०२५ ला १८ मॅच जिंकल्या, २५५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) काढले, आणि टीम चार वर्षांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत गेली.

पण त्याच हिवाळ्यात दुसरी बाजूही दिसली आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. फेब्रुवारीत अ‍ॅलेक्स ब्रेगमनला तीन वर्षांसाठी १२ कोटी डॉलरला घेतलं, उत्तम थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसजवळचा फिल्डर), कागदावर एकदम बरोबर. फक्त थर्ड बेसवर आमचा राफाएल डेव्हर्स होता, ज्याच्याशी दोनच वर्षांपूर्वी ३१ कोटी डॉलरच्या वरचा करार केलेला, आणि डेव्हर्सने सीझनआधीच्या सराव कॅम्पमध्ये पत्रकारांना सरळ सांगितलं की थर्ड बेस माझी जागा आहे. मग त्याला फक्त बॅटिंगला ठेवलं, मे महिन्यात फर्स्ट बेसमन कासास गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला तर डेव्हर्सला तिथे खेळायला विचारलं, तो नाही म्हणाला, आणि जूनमध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवून दिला. ब्रेगमन घेणं चुकलं असं मी म्हणत नाही, तो खेळलाही छान, पण सही घ्यायच्या आधी डेव्हर्सशी नीट बसून बोलायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. २०१७ पासून तुमच्याकडे खेळणारा माणूस एक्सेलमधली रो नसतो, त्याची जागा हलवायची तर आधी त्याला विचारायचं, आणि हे कामसुद्धा हिवाळ्यातच करायचं असतं, मार्चमध्ये नाही.

तर बघायला सुरुवात कुठून करायची: एकच टीम धरा, तिची ४० ची यादी आजच उघडून प्रत्येकासमोर किती वर्षं उरलीत आणि मायनरमध्ये पाठवायचे ऑप्शन किती उरलेत ते बघा (बहुतेकांना तीन वर्षांचे मिळतात, संपले की त्याला खाली पाठवायच्या आधी इतर टीमना त्याला घ्यायची संधी द्यावी लागते). मग नोव्हेंबरमध्ये कोणाला आत घेतलं, कोणाला पुढचा करारच दिला नाही, डिसेंबरमध्ये रूल फाइव्हला कोण गेला, एवढं तीन वेळा तपासा. मोठ्या सह्यांच्या बातम्या तुमच्यापर्यंत आपोआप येतील, त्या शोधाव्या लागत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यात पिचर आणि कॅचर कॅम्पला पोचतात, तोपर्यंत तुम्हाला यादीतला शेवटचा रिलीव्हर (मॅचच्या मधे येणारा पिचर) सुद्धा नावाने माहीत झालेला असेल. टीम कुठली धरताय ते कमेंटमध्ये सांगा, तिच्या यादीत आत्ता कुठे अडचण दिसते ते मी लिहीन.