तारा निघाल्या, डाग उरले

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या दातांच्या तारा दोन महिन्यांपूर्वी काढल्या. ब्रॅकेट चिकटवलेल्या जागांच्या कडेने समोरच्या चार दातांवर खडूसारखे पांढरे डाग दिसतात. एका दंतवैद्यांच्या मते ही कीड असून दात कोरून सिमेंट भरावे लागेल; दुसऱ्यांनी फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा लेप) लावून तीन महिने थांबायला सांगितले आहे. दुखत काहीच नाही. कोणाचे ऐकावे? – एक पालक, सातारा

उत्तर : ही कीडच आहे, हे पहिल्या दंतवैद्यांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र कोरण्याची घाई मला पटत नाही. ब्रॅकेटभोवती साचलेल्या थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तेथील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. या अवस्थेत वरचा पातळ थर बहुधा शाबूत राहतो आणि त्याच्या खालचा भाग सच्छिद्र होतो. लाळेतून हे क्षार परतही येतात, आणि फ्लोराइड असल्यास पुन्हा जमणारे स्फटिक आम्लाला अधिक दाद देत नाहीत. म्हणून सारा निर्णय एकाच गोष्टीवर ठरतो : पृष्ठभाग तुटून खड्डा पडला आहे का? दात वाळवून, चांगल्या उजेडात पाहिल्यास ते बहुतेक वेळा कळते. टोकदार सळईने डाग टोचून पाहू देऊ नका, कारण त्यानेच शाबूत थर फुटू शकतो.

खड्डा नसेल, तर थांबणे योग्य. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने घासावे, घासून झाल्यावर फेस थुंकावा पण खळखळून चूळ भरू नये, आणि दोन जेवणांच्या मधले गोड खाणे व शीतपेये कमी करावीत. वार्निशबद्दल मात्र एक शंका दुसऱ्या दंतवैद्यांना अवश्य विचारा. त्यात सहसा ५ टक्के सोडियम फ्लोराइड असते; दाढांसाठी ते उत्तमच, परंतु समोरच्या दातांवर इतक्या तीव्र फ्लोराइडने वरचा थर लवकर बंद होऊन आतला पांढरेपणा कायम राहू शकतो. त्यामुळे दिसणे महत्त्वाचे असेल, तेव्हा काही तज्ज्ञ अशा डागांसाठी रोजच्या पेस्टमधील सौम्य फ्लोराइडच पसंत करतात. दुधातील केसीनपासून केलेले क्रीमही सुचवले जाते. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असल्यास ते वापरू नये.

काही महिन्यांनंतरही डाग खुपत असतील, तर रेझिन इन्फिल्ट्रेशन हा पर्याय आहे. ‘आयकॉन’ या नावाने मिळणारे हे जर्मन बनावटीचे साहित्य २००९ पासून वापरात आहे. १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल दोन मिनिटे लावून वरचा थर मोकळा करतात, धुऊन इथेनॉलने वाळवतात, मग अतिशय पातळ रेझिन (प्लास्टिकसारखे घट्ट होणारे द्रव्य) तीन मिनिटे आत मुरू देऊन प्रकाशाने घट्ट करतात. ना इंजेक्शन, ना ड्रिल. भज्यांचे तेल मुरले की कागद अर्धपारदर्शक होतो, तसेच येथे घडते : छिद्रांतील हवा आणि पाण्याची जागा प्रकाशाला जवळपास इनॅमलइतकेच वाकवणारे रेझिन घेते आणि डाग फिका पडतो. प्रत्येक डाग पूर्ण जातोच असे नाही, आणि आम्ल लावलेले पुन्हा मागे घेता येत नाही; म्हणूनच ही पायरी नंतरची.

तारा लावण्यापूर्वीचे फोटो एकदा जरूर पाहा. डाग तेव्हाही असतील आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतील, तर ती कीड नसून फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे डाग) असू शकतो. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने तिकडे तो आढळतो. पण ब्रॅकेटच्या कडेने उमटलेली तुम्ही सांगितलेली रेघ तशी वाटत नाही.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाच्या नव्या दाढेच्या खाचेत काळी रेघ आहे. सिमेंट भरावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काळी रेघ म्हणजे कीडच, असे नाही, ती अनेकदा नुसता डाग असतो. खाच खोल असून पृष्ठभाग शाबूत असेल, तर न कोरता सीलंटने (खाच बंद करणाऱ्या पातळ थराने) ती बुजवता येते. सीलंट निघाले नाही ना, हे दर तपासणीत पाहून घ्यावे. खाचेच्या कडेने करडी सावली दिसत असल्यास कीड आत पोहोचलेली असू शकते. तेव्हा एक्स-रे काढून घ्यावा.