वेंगुर्ल्यात घर बांधायचंय. गाव, माणसं आणि नगरपरिषद कशी आहे?

तुमचा प्रश्न असा: आम्ही कोल्हापूरचे, निवृत्तीनंतर वेंगुर्ल्यात समुद्राजवळ छोटं घर बांधून राहायचा विचार आहे, तर गाव कसं, माणसं कशी आणि नगरपरिषदेचा कारभार कसा? माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर कोल्हापूरचं, म्हणून सविस्तर लिहिते. जागा बघायला जाण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नगरपरिषद समुद्राकाठी आहे, पण समुद्रकाठ तिच्या ताब्यात नाही. बाहेरून आलेल्या माणसांची निम्मी पायपीट हे माहीत नसल्यामुळे होते.

वेंगुर्ला तसं लहान. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 12 हजारांच्या आसपास होती. नगरपरिषदांच्या 1965च्या कायद्याच्या हिशेबाने आज एवढ्या वस्तीला फार तर नगरपंचायत मिळाली असती. पण इथली नगरपालिका 1876ची, बंदर भरात होतं तेव्हाची. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, डचांनी इथे वखार घातली. तिचे अवशेष अजून उभे आहेत. पुढे मुंबईहून बोटी लागायच्या आणि माल घाट चढून बेळगावकडे जायचा. तो व्यापार गेला, नगरपरिषद राहिली. त्यामुळे घरपट्टी आणि गाळ्यांचं भाडं असं तुटपुंजं स्वतःचं उत्पन्न, आणि मोठ्या कामाला सरकारी अनुदानाची वाट, हे गणित कायमचंच आहे.

हद्दीचा प्रश्न कोल्हापूरकराला वेगळा समजावायला नको. 1972 साली महानगरपालिका झाली तरी आपल्या शहराची हद्द वाढली नाही, आणि लगतची गावं शहराला चिकटून असली तरी कारभार ग्रामपंचायतीचा. वेंगुर्ल्यातही तेच. एजंट ‘वेंगुर्ल्यात बीचला लागून’ म्हणून जी जागा दाखवेल, ती बहुतेक वेळा उभादांडा, वायंगणी किंवा मोचेमाड ग्रामपंचायतीतली असते. हा फरक नुसता पट्टी कुठे भरायची एवढ्यापुरता नाही. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या केंद्राच्या नियमांत, शहरातल्या आधीच बांधकाम झालेल्या भागाला एक नियम आणि ग्रामीण किनाऱ्याला दुसरा. शहरी भागात पूर्वीपासूनचा रस्ता किंवा अधिकृत बांधकाम असेल तर त्याच्या जमिनीकडच्या बाजूला परवानगी मिळू शकते. ग्रामीण भागात भरतीच्या रेषेपासून साधारण 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही. दाट वस्तीच्या गावांना 2019च्या अधिसूचनेत सवलत आहे, पण ती आपल्या गटाला लागू होते का ते मंजूर नकाशावरच कळतं. खाडीच्या काठालाही असेच नियम आहेत, हे बरेच जण विसरतात. माडाच्या बागेतून खाडीचं पाणी दिसलं की माणूस भुलतो आणि इसार देऊन मोकळा होतो. तसं करू नका.

बाकीचं थोडक्यात सांगते. बंदर आणि जेटी मेरीटाईम बोर्डाकडे. मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय खात्याकडे. वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, त्यांची जबाबदारी वनखात्याकडे. नगरपरिषदेकडे उरतं पाणी, कचरा, दिवे, गल्लीबोळातले रस्ते, बाजार.

पण जे हातात आहे ते या छोट्या नगरपरिषदेने किती चांगलं करून दाखवलं, हे मला आवर्जून सांगायचंय. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा घरातच वेगळा करायची शिस्त लागली. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत निघू लागलं, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात गेलं. कचऱ्याचे ढीग जाऊन त्या जागेवर बाग झाली, आणि तिचं नाव ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’. कचरा डेपो बघायला बाहेरगावचे नगरसेवक यायला लागले. मला याचा मनापासून अभिमान आहे. अधिकारी चांगला होता हे खरंच, पण रोज सकाळी डबे वेगवेगळे करून देणाऱ्या बायकांशिवाय त्यातलं काहीच झालं नसतं. तुम्ही राहायला गेलात की पहिल्या दिवसापासून हे पाळा. शेजारी तुमची पारख त्यावरच करतील.

2021च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं राज्यभरातल्या अशा गावांसारखा इथेही प्रशासक होता. 2 डिसेंबर 2025ला मतदान होऊन पुन्हा लोकांचे प्रतिनिधी आले. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. गाव एवढंसं, त्यामुळे नगरसेवक बाजारात समोरासमोर भेटतो आणि गाऱ्हाणं तिथल्या तिथे ऐकवता येतं.

माणसं गोड आहेत, पण लगेच घरात घेणारी नव्हेत. किनाऱ्याला गाबीत समाज, वर भंडारी, शिवाय ख्रिश्चन आणि मुसलमान घरं जुनी. बरीच घरं मुंबईच्या चाकरमान्यांची, गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारी. आपल्या कोल्हापूरसारखं इथेही अमेरिकन मिशन होतं. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि अमेरिकेचे भारतातले राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन 1919 साली वेंगुर्ल्यात जन्मले, ते मिशनच्या डॉक्टरांच्या घरात. काजूच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती आणि रत्ना आंबा हेही इथल्याच फळ संशोधन केंद्राचं देणं.

गाव ओळखायचं असेल तर पहाटे रापण बघा. होडी अर्धगोलात जाळं टाकून येते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून दोन रांगा वाळूत टाचा रोवत मागे मागे सरकतात. दोर ओला, जड, हात सोलवटणारा. जाळं जवळ आलं की रांगा एकमेकींकडे सरकतात आणि पाण्यात बांगडे, तारल्या, पेडवे चमकायला लागतात. मासळीचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा. पर्ससीनची मोठी जाळी टाकणाऱ्या आणि एलईडी दिव्यांनी मासे खेचणाऱ्या नौकांवर ही माणसं का चिडतात, ते रापणीला हलकं जाळं आलेल्या दिवशी समजतं.

जमिनीबद्दल एकच सांगते. सातबारावर सामायिक खातं असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच गटात वीस-वीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही वारलेली. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला लागेल, हेही धरून चला.

पाणी निशाण तलावाचं. इथे धो-धो पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं, म्हणून एप्रिल-मेमध्ये नळ कधी येतो आणि विहिरीला तळ दिसतो का, ते त्याच महिन्यांत जाऊन बघा. पावसाळाही एक काढा, भाड्याच्या घरात. कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गाडीने चार तास धरा. जुलैत आंबोलीचा घाट दिवसाउजेडी उतरा.