पडद्यावर काय लिहून आलं, ते आधी सांगा

लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांच्या या वेळच्या तिन्ही पत्रांमागे एकच विचार आहे: पुन्हा किंवा दुसरंच काही इन्स्टॉल करून टाकावं का? माझं उत्तरही तिन्ही वेळा एकच आहे, नको. का नको, ते एकेका पत्रासोबत सांगते.

प्रश्न : ताई, मी राजेंद्रनगरला राहतो. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून घरचा सर्व्हर केला आहे. वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटी डिजिटल करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवल्यात, घरातले सगळे वायफायवरून ऐकतात. डिस्कचा अडॅप्टर टीव्हीच्या बोर्डावर लावलाय. लाइट जाऊन आली की कधी कधी मशीन सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर रूटचा (मशीनच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड मागत बसतं. भाच्याने दोनदा फॉरमॅट करून दिलं, पण आठवड्याभरात परत तेच. पडद्याचा फोटो पाठवतोय.

उत्तर : फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. सगळं उत्तर त्यातच आहे. पासवर्ड मागणाऱ्या ओळीच्या वर लाल अक्षरांत “टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस” असं आलंय आणि पुढे “एसडीबी१”, हे मशीनने तुमच्या बाहेरच्या डिस्कला दिलेलं नाव. त्याखाली पिवळ्यात “डिपेंडन्सी फेल्ड”. म्हणजे तुमचं मशीन धडधाकट आहे. ते एका डिस्कची वाट पाहत ९० सेकंद थांबलं, डिस्क आली नाही, म्हणून तिथेच अडून बसलं.

कोणती डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची याची यादी ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असते. यादीत नाव आहे म्हणजे डिस्क हजर असलीच पाहिजे, असं डेबियन धरून चालतं. रात्री झोपताना कुणीतरी टीव्हीच्या बोर्डाचं बटण बंद करतं, पहाटे लाइट जाऊन येते, सर्व्हर आपला आपण सुरू होतो आणि डिस्क बंदच राहते. भाच्याने फॉरमॅट केलं की यादी कोरी होते, म्हणून मशीन चालतं. मग तुम्ही डिस्कची ओळ परत लिहिता आणि दुखणं परत येतं.

आता इलाज. पडदा पासवर्ड मागतोय तिथेच रूटचा पासवर्ड द्या आणि नॅनो या लिहायच्या प्रोग्रामने ती एफएसटॅब फाइल उघडा. फाइल सेव्ह होत नसेल तर मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली आहे, तिला आधी “रिमाउंट” करून, म्हणजे पुन्हा जोडून, लिहिण्याची परवानगी द्या. तुमच्या ओळीत “डिफॉल्ट्स” शब्द असेल. त्याला लागून स्वल्पविराम द्या आणि मधे जागा न सोडता “नोफेल” लिहा: एन, ओ, एफ, ए, आय, एल, सगळी अक्षरं लहान लिपीत. आता डिस्क असली तर जोडली जाईल, नसली तरी मशीन तिच्यासाठी अडणार नाही. दुसरं, “एसडीबी१” हे नाव काढा. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला तरी ते नाव दुसऱ्याच डिस्कला जाऊ शकतं. डिस्क चालू करून “बीएलकेआयडी” ही आज्ञा द्या, तिचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसेल, त्या नावाच्या जागी तो लिहा. सेव्ह करून “माउंट मायनस ए” चालवा, म्हणजे यादीतल्या सगळ्या डिस्क लगेच जोडून बघितल्या जातील. काही चुकलं असेल तर ते तिथेच कळेल, रीस्टार्टनंतर नाही.

यात एक मेख आहे. डिस्क जोडलेली नसताना ते फोल्डर रिकामं दिसतं, आणि तुम्ही त्यात कीर्तनं कॉपी केलीत तर ती आतल्या डिस्कवर जाऊन पडतात. नंतर बाहेरची डिस्क जोडली की तिच्याआड ती झाकली जातात आणि तुम्हाला वाटतं फाइली गेल्या. म्हणून डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला “चॅटर प्लस आय” करून कुलूप लावा. मग डिस्क नसताना त्यात काही लिहिलंच जाणार नाही.

अडॅप्टर टीव्हीच्या बोर्डावरून काढा, आणि सर्व्हरला यूपीएस असेल तर त्यावर घ्या. यूपीएसच्या मागे यूएसबीची जागा असेल तर तिथून सर्व्हरला वायर जोडा आणि “नेटवर्क यूपीएस टूल्स” हे पॅकेज टाका. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. आणि वडिलांच्या कीर्तनाची दुसरी प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर करा. कॅसेटी पुन्हा वाजतीलच याचा भरवसा नाही.

हे मी कळकळीने का सांगते? मी इंदूरच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये २७ वर्षं काम केलं. एका उन्हाळ्यात लाइट गेल्यावर लॅबचा सर्व्हर असाच अडला. प्रॅक्टिकल तोंडावर होतं, मी घाईने सगळं पुसून नवं लिनक्स टाकलं. तरी मशीन अडलंच. मग झाकण उघडलं तर दुसऱ्या डिस्कची केबल अर्धी निसटलेली. बोटाने दाबली, टक्क आवाज झाला, सगळं सुरू. पण पहिल्या डिस्कवर मुलांची होम फोल्डरं होती, ती मी पुसून बसले होते. एका मुलीचं वर्षभराचं काम त्यात गेलं. माझ्यासमोर उभी राहून ती काहीच बोलली नाही. केबलबद्दलची ओळ तेव्हाही पडद्यावर होती.

प्रश्न : मावशी, मी सुदामानगरला राहते, बी.एस्सी.ला आहे. बाबांच्या लॅपटॉपवर (इंटेलचा दहाव्या पिढीचा आय ५ प्रोसेसर) विंडोज ठेवून शेजारी लिनक्स मिंट टाकायचंय. पेन ड्राइव्हवरून मिंट छान चालतं, पण इन्स्टॉल करताना हार्ड डिस्क दिसतच नाही. डिस्क बदलावी लागेल का? की दुसरं लिनक्स टाकून बघू?

उत्तर : डिस्क बदलू नकोस बाळा, आणि दुसरं लिनक्सही नको. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेजचा मोड बघ. बहुतेक “रेड” किंवा “आरएसटी” असेल. त्या मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान) डिस्क स्वतःच्या आड ठेवतो, त्यामुळे लिनक्सला ती सापडत नाही. तो मोड “एएचसीआय” करायचा. पण सरळ बदललास तर विंडोज निळा पडदा दाखवील, म्हणून क्रम पाळ.

आधी बाबांच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढ. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरव, फोनमधल्या फोटोवर विसंबू नकोस. लॅपटॉपमध्ये ऑप्टेन (डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची मेमरी) असेल तर ते विंडोजमधूनच बंद कर. मग “एमएसकॉन्फिग” उघडून सेफ बूट लाव, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदल, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू दे, सेफ बूट काढ, परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, म्हणून बाबांचा पूर्ण पासवर्ड विचारून ठेव. फास्ट स्टार्टअपही बंद कर, नाहीतर विंडोजची पार्टिशनं लिनक्समधून नीट लिहिता येत नाहीत.

मिंटसाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी कर, १०० जीबी असली तर उत्तम. आणि इन्स्टॉलरमध्ये “इरेझ डिस्क” हा पर्याय निवडायचा नाही, तो विंडोजसकट सगळं पुसतो. त्या पानावर थांब, बाबांना शेजारी बसव, मग पुढे जा.

नंतर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नकोस. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच इथली समजतं. मिंटमध्ये “टाइमडेटसीटीएल” या आज्ञेला “सेट-लोकल-आरटीसी १” सांगितलं की जुळतं.

प्रश्न : आम्ही रामबागेत राहतो, वय ७४. जुन्या कॉम्प्युटरवर नातवाने मिंट टाकून दिलं, उत्तम चालतं. पण रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी “सीमॉस चेकसम एरर, एफ१ दाबा” असं येतं. दुरुस्तीवाला म्हणतो, लिनक्सने बायोस बिघडवला, विंडोज परत टाका.

उत्तर : काका, लिनक्सचा यात काही दोष नाही. ही ओळ लिनक्स सुरू होण्याच्या आधी येते, तेव्हा ते अजून डिस्कवरच असतं. मेन स्विच बंद असताना बायोसची सेटिंग आणि तारीख जपणारी, मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. तिचं नाव सीआर २०३२: २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, ३ व्होल्टची. घड्याळवाल्याकडेही मिळते, फक्त सीआर २०२५ घेऊ नका, ती पातळ असते.

कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढा, सुरू करायचं बटण एकदा दाबून सोडा. नातवाला खाचेजवळची पट्टी नखाने हळूच सरकवू द्या, जुनी उडून वर येईल. नवी बसवताना अधिकाची खूण वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख लावा, बूटच्या यादीत हार्ड डिस्क पहिली आहे ना ते बघा आणि सेव्ह करून बाहेर या. तरीही एफ१ मागितलं, तर पडद्यावरची पूर्ण ओळ जशीच्या तशी मला लिहून पाठवा.